सोयाबीनला किती मिनिटं?

२०२४ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे घरोघर सोयाबीन पडून होतं. पडवीत, माजघरात, पोरांच्या पलंगाखाली कट्टेच कट्टे. केंद्राने त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरवला होता आणि बाजार समितीतली बोली चार हजारांच्या आसपास घुटमळत होती. माल ओलसर निघाला तर त्याच्याही खाली. हरभरा पेरायला पैसा लागतो, दुकानदाराची उधारी चुकवावी लागते. ज्यांना थांबणं परवडत नव्हतं त्यांनी मिळेल त्या भावात माल दिला. ज्यांनी थांबायचं ठरवलं ते रोज संध्याकाळी हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसायचे. २० तारखेला मतदान आहे, आता तरी कोणी सोयाबीनवर बोलेल, एवढीच त्यांची अपेक्षा. ती रास्त होती. ज्या महिन्यात मत मागतात त्याच महिन्यात मत देणाऱ्याचं दुखणं विचारायचं नाही, तर मग कधी विचारायचं?

टीव्हीवर चालू होतं ते 'बटेंगे तो कटेंगे', 'एक है तो सेफ है', गद्दार कोण, खोके कोणी घेतले, खरी शिवसेना कोणाची आणि खरी राष्ट्रवादी कोणाची. दोन्हीकडचे प्रवक्ते एकदमच बोलायचे, कोणाचंच धड ऐकू यायचं नाही, आणि तासाभराने सूत्रसंचालक घाईघाईने नमस्कार करून जाहिरातीला जागा द्यायचा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. नागरिकशास्त्र माझ्याकडे आहे आणि निवडणुकीची ड्यूटी शिक्षकांच्या वाट्याला येतेच. त्यामुळे पुस्तकातली निवडणूक, केंद्रावरची निवडणूक आणि टीव्हीतली निवडणूक अशा तिन्ही मी जवळून पाहत आले. पहिल्या दोन एकमेकींशी बऱ्याच जुळतात. तिसरीचं मात्र दोघींशी काही जमत नाही.

टीव्हीचा पक्षपात म्हटला की लोक लगेच वाहिन्यांची वाटणी करतात. अमुक वाहिनी त्यांची, तमुक यांची. आमच्या गावातल्या पानठेल्यावरसुद्धा ही वाटणी सगळ्यांना पाठ आहे. हा पक्षपात वाईटच, पण तो ओळखू येतो. माणूस एका वाहिनीवर अर्धं ऐकतो, दुसरीवर उरलेलं अर्धं ऐकतो आणि आपल्या मनाशी ताळा करतो. मला जास्त जाचतो तो दुसरा पक्षपात, जो सगळ्या वाहिन्या मिळून करतात आणि ज्यात कोणत्याच पक्षाची तक्रार नसते. कशावर बोलायचं हे ठरवताना तो होतो. दोन पक्षांना अगदी तराजूत तोलून तीस-तीस मिनिटं दिली आणि ती साठही मिनिटं एकमेकांची उणीदुणी काढण्यात गेली, तर पक्षांना न्याय मिळाला असेल. मतदाराला काय मिळालं?

त्याच नोव्हेंबरची गोष्ट घ्या. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेलं सोयाबीन घेत नव्हते. परतीच्या पावसाने दाणा भिजलेला, त्यामुळे कितीतरी जणांचा माल केंद्रावरून परत येत होता. मतदान अगदी तोंडावर आलं असताना केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती मर्यादा १५ टक्के केली. आमच्यासाठी यापेक्षा मोठी बातमी त्या आठवड्यात नव्हती. त्यात राजकारणही होतं, आणि ते व्हायलाच हवं होतं. हा निर्णय महिनाभर आधी का झाला नाही? ज्यांनी तोवर पडत्या भावात विकलं त्यांचं काय? केंद्रांवर बारदाना आहे का, मालाची प्रत तपासणारा ग्रेडर आहे का? सत्ताधाऱ्यांना आपलं काम सांगता आलं असतं, विरोधकांना त्यांना धारेवर धरता आलं असतं. मी त्या संध्याकाळी वाहिन्या बदलत बसले. एका ठिकाणी ही बातमी खालच्या पट्टीतून सरकत गेली. चर्चा चालली होती ती कोणत्या नेत्याची बॅग हेलिपॅडवर तपासली यावर.

त्याच सुमारास तालुक्याच्या ठिकाणी एका वाहिनीची गाडी आली होती. जनतेचा कौल विचारणारा कार्यक्रम, मैदानात खुर्च्या मांडलेल्या. मी शाळा सुटल्यावर गेले तेव्हा पुढच्या दोन रांगा दुपट्टेवाल्यांनी भरल्या होत्या, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. मागे उभ्या असलेल्यांत आमच्याच भागातले एक काका होते. साठीच्या पुढचे, पांढरा सदरा, पायात टायरची चप्पल. त्यांनी रुमालात मूठभर सोयाबीन बांधून आणलं होतं. बरीच वाट पाहिल्यावर माईक त्यांच्यापर्यंत आला तेव्हा त्यांनी आधी रुमालाची गाठ सोडली आणि हात कॅमेऱ्यापुढे धरला. दाणे काळपट पडलेले, काहींना मोड आलेले.

"काका, ते आपण नंतर बघू. आधी सांगा, वारं कोणाचं आहे?"

"वाऱ्याचं सोडा ना बाई, हा दाना पाहा. याले कोनी हात लावून नाई राह्यलं."

"म्हणजे सरकारवर नाराज आहात?"

"मी दान्याचं सांगून राह्यलो."

माईक पुढे सरकला. पुढच्या रांगेतल्या एकाने घोषणा दिली, दुसऱ्या बाजूने उलट घोषणा आली, खुर्च्या हलल्या आणि कॅमेरामन धावत तिकडे गेला. काकांचं वाक्य नंतर दाखवलं की नाही हे पाहायला मी मुद्दाम तो कार्यक्रम लावला. खुर्च्या हललेल्या तेवढ्या दिसल्या.

हे सगळं त्या निवेदिकेच्या माथी मारावं असं मला वाटत नाही. आमच्या तालुक्यातला एक स्ट्रिंगर माझा जुना विद्यार्थी आहे. त्याला पगार नाही, बातमी लागली तर पैसे. मोटारसायकल त्याची, पेट्रोल त्याचं, कॅमेरा म्हणजे त्याचाच मोबाइल. तो सांगतो की खरेदी केंद्रावरच्या रांगेचे व्हिज्युअल त्याने पाठवले, दोन शेतकऱ्यांचे बाईट पाठवले, आणि डेस्कवरून विचारणा आली ती एवढीच की सभा आहे का, राडा आहे का. जे लागत नाही ते पाठवायला पेट्रोल जाळणं त्याला परवडत नाही. हळूहळू तोही फक्त राड्यालाच जाऊ लागला. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत बसून कोणी आमच्याविरुद्ध कट केलेला नाही हे मला कळतं. पण कट नसला तरी परिणाम तोच होतो, आणि भोगायचा आम्हालाच.

यामागे पैशाचं गणित आहे. जाहिरातीचा दर टीआरपीवर, म्हणजे वाहिनी किती पाहिली जाते त्या आकड्यावर ठरतो आणि टीआरपी मोजायची यंत्रं साऱ्या देशात मिळून पन्नास-साठ हजार घरांत आहेत. २०२० च्या ऑक्टोबरात टीआरपीतल्या घोटाळ्याचं प्रकरण उघडकीस आल्यावर बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे थांबवावे लागले होते, ते २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाले. दरम्यानच्या काळात वाहिन्या काही शहाण्या झाल्या नाहीत. आमच्या बहुतेक घरांवर छत्री आहे ती डीडी फ्री डिशची, कारण तिला महिन्याचा रिचार्ज लागत नाही. फ्री डिशवर खासगी वाहिन्यांना जागा मिळते ती लिलावात बोली लावून. ज्याच्याकडे बोलीचे पैसे, तो आमच्या घरात. गावाने काय पाहायचं हे इतक्या आधीच ठरून गेलेलं असतं.

सरकारी प्रक्षेपणाचा इतिहास मी मुलांना शिकवते तेव्हा तो मला अभिमानाने सांगावासा वाटतो, आणि अर्ध्यात अडखळायला होतं. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत राजकीय पक्षांना पहिल्यांदा आकाशवाणीवर बोलायला वेळ मिळाला. तोवर रेडिओ म्हणजे सरकारचा आवाज होता. विदर्भातल्या खेड्यांत त्या वेळी टीव्ही नव्हताच. विरोधी पक्षाचा माणूस आपल्या रेडिओतून बोलतोय, हे लोकांनी पारावर बसून ऐकलं. माझे वडील ती आठवण सांगताना अजूनही आवाज खाली करतात. १९९८ पासून दूरदर्शन आणि आकाशवाणीवरच्या मोफत वेळेची रीतसर योजना झाली. विधानसभेच्या निवडणुकीत राष्ट्रीय पक्ष आणि मान्यताप्राप्त राज्य पक्ष, प्रत्येकाला पायाभूत ४५ मिनिटं सारखी. त्यावरचा जादा वेळ मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या प्रमाणात. एका बैठकीत १५ मिनिटांपेक्षा जास्त कोणालाही नाही. कोणी कधी बोलायचं ते सोडत काढून ठरतं. ही योजना ज्यांनी आखली त्यांनी मनापासून विचार केला होता, असं ती वाचताना वाटतं.

पण भाषणाची संहिता आधी दाखवावी लागते, आणि तिथे गोष्ट अडते. २०२४ च्या मे महिन्यात माकपचे तेव्हाचे सरचिटणीस सीताराम येचुरी यांच्या भाषणातून 'जातीयवादी, हुकूमशाही राजवट' या अर्थाचे शब्द काढायला लावले गेले. फॉरवर्ड ब्लॉकच्या जी. देवराजन यांच्या भाषणातलेही काही शब्द गेले. विरोधी पक्षाने सरकारवर टीका करायची नाही, तर मग त्याला वेळ कशाला द्यायचा? त्याआधी २०१९ ला दूरदर्शनच्या बातम्यांत भाजपला काँग्रेसच्या जवळपास दुप्पट वेळ मिळाल्याचं समोर आलं आणि कोणत्याही पक्षाला झुकतं माप देऊ नका, असं सांगायची वेळ निवडणूक आयोगावर आली. १९७७ पर्यंत काँग्रेसच्या सरकारने हेच माध्यम आपल्या दावणीला बांधलं होतं. सरकार कोणाचं याने फरक पडत नाही, असं मी म्हणणार नाही, तो पडतो. पण आपल्या हाती आल्यावर कोणीच ते मोकळं सोडत नाही, हे मुलांपासून लपवून काय शिकवायचं?

या योजनेत अपक्षांना वेळच नाही. दिल्लीतून पाहणाऱ्याला ही बाब किरकोळ वाटेल. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्याला विचारा. अचलपूरने बच्चू कडूंना, बडनेऱ्याने रवी राणांना अपक्ष म्हणून विधानसभेत पाठवलं. २०१९ ला अमरावती लोकसभेतून नवनीत राणा अपक्ष म्हणून निवडून आल्या. यांच्यातलं कोणी पटो न पटो, लाखो लोकांनी त्यांना मत दिलं ही गोष्ट खरी. तरी अपक्षाचा सरकारी प्रक्षेपणावर हक्क शून्य मिनिटांचा. गावातला एखादा भला माणूस पक्षाशिवाय उभा राहिला तर त्याला टीव्हीवर यायला एकच वाट उरते, काहीतरी सनसनाटी करायचं.

दाभडीची आठवण इथे येते. आर्णी तालुक्यातलं हे गाव. २० मार्च २०१४ ला नरेंद्र मोदींची 'चाय पे चर्चा' तिथे झाली आणि आमच्या जिल्ह्यातलं एक खेडं देशभर दिसलं. त्या दिवशी शेतीवर बोलणं झालं, ही चांगलीच गोष्ट होती. पुढच्या निवडणुकांत पत्रकार पुन्हा दाभडीला गेले, दिलेल्या शब्दांचं काय झालं ते विचारायला. तेही योग्यच केलं. पण दोन्ही वेळा गाव दिसलं ते नेत्यामुळे. मला ते दिवस पाहायचे आहेत ज्या दिवशी गाव त्याच्या प्रश्नामुळे दिसेल, मग त्या प्रश्नावर कोणत्याही पक्षाने बोलावं.

आणि हे मागणं म्हणजे मेहेरबानीची याचना नव्हे. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून आलेल्या खटल्यात सांगितलं की टीव्ही-रेडिओच्या प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या न्यायपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. सरकारची मालकी नाही आणि पैसेवाल्याचीही नाही, तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे, असा त्या निकालाचा रोख आहे. ज्या अर्थी मालमत्ता लोकांची, त्या अर्थी आमच्या तालुक्याचाही तिच्यात वाटा आहे.

आता २६ एप्रिल २०२४ चं सांगते, लोकसभेचं मतदान. यवतमाळ-वाशीम, वर्धा, अमरावती, अकोला, बुलडाणा त्या दिवशी होते. पूर्व विदर्भाचं आठवडाभर आधी, १९ तारखेला झालं होतं. माझी ड्यूटी जिल्हा परिषदेच्या एका शाळेवर होती. केंद्रापासून शंभर मीटरपर्यंत प्रचार करता येत नाही, म्हणून गावच्या कोतवालाने फक्की टाकून रस्त्यावर रेघ मारली होती. सकाळी खिशाला चिन्हाचा बिल्ला लावून आलेल्या एकाला त्यांनी रेघेवरच थांबवलं आणि बिल्ला काढायला लावला. दुपारी ऊन चढलं, केंद्र ओस पडलं. शाळेच्या समोरच्या घरात, म्हणजे रेघेच्या चांगलंच आत, टीव्ही चालू होता. देशात पुढच्या टप्प्यांचा प्रचार जोरात होता आणि दुसऱ्या राज्यातली जाहीर सभा थेट चालली होती. भाषण व्हरांड्यात बसलेल्या आम्हाला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. मतदार पाण्याचा घोट घ्यायला त्या घरी टेकायचा, चार वाक्यं ऐकायचा आणि मत द्यायला आत यायचा.

कोतवाल माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, बिल्ला काढाले लावला म्या त्या पोराचा. अन् हे?"

माझ्याकडे उत्तर होतं, कायद्यातलं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२६ कलम सांगतं की मतदान संपायच्या वेळेच्या ४८ तास आधीपासून त्या मतदारसंघात टीव्हीवर निवडणुकीचा प्रचार दाखवायचा नाही. पण सभा दुसऱ्या मतदारसंघात असेल आणि शांतता पाळणाऱ्या मतदारसंघाचं नाव घेऊन मत मागितलेलं नसेल, तर ती दाखवायला आडकाठी येत नाही. पूर्व विदर्भाच्या लोकांनी तर याहून जवळून अनुभव घेतला. १९ एप्रिलला नागपूर, रामटेक, भंडारा, चंद्रपूर मतदान करत होतं आणि त्याच दिवशी पंतप्रधानांची सभा वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावला होती. वर्ध्याचं मतदान २६ ला, त्यामुळे सभा नियमात बसत होती. नागपूरच्या मतदाराला मात्र ती शेजारच्या जिल्ह्यातून, त्याच मातीतल्या दाखल्यांसह घरात बसून दिसत होती. त्या जागी दुसरा कोणताही पक्ष असता तर त्यानेही हेच केलं असतं, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच नियम बदलायला हवा. शंभर मीटरची रेघ आणि ४८ तास हे टीव्ही घराघरांत यायच्या काळातले उपाय आहेत, आणि सात टप्प्यांची निवडणूक त्यांना सरळ ओलांडून जाते. हे सगळं मी कोतवालांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुसट झालेली रेघ पुन्हा फक्की टाकून ठळक करायला उठले. आपलं काम त्यांनी चोख केलं. वरच्यांनी आपलं करावं असं मला त्या क्षणी फार तीव्रतेने वाटलं.

ठरवलं तर टीव्हीला आवरता येतं. मतदानोत्तर चाचण्यांचंच पाहा. १२६-अ हे कलम आल्यापासून शेवटचा टप्पा संपेपर्यंत त्या दाखवता येत नाहीत, दाखवल्या तर दोन वर्षांपर्यंत कैद. २०२४ ला १९ एप्रिलपासून १ जूनच्या संध्याकाळपर्यंत सगळ्या वाहिन्या गप्प राहिल्या. आणि तोंड उघडलं तेव्हा बहुतेकांनी रालोआला साडेतीनशेच्या वर नेऊन बसवलं. निघाल्या २९३. विदर्भातल्या दहापैकी सात जागा महाविकास आघाडीला गेल्या. कापूस-सोयाबीनच्या भावाने लोक किती चिडले होते हे आमच्या बाजार समितीच्या आवारात तासभर उभं राहून कोणालाही कळलं असतं. ज्यांनी दोन महिने इथल्या माणसाला बोलू दिलं नाही, त्यांना त्याच्या मनातलं कसं कळणार होतं?

तक्रार कुठे करायची हे लोक मला विचारतात. कोणी पैसे वाटताना दिसलं तर आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाका, शंभर मिनिटांत कारवाईची हमी आहे, आणि ते ॲप खरंच कामाचं आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर टीव्हीवरच्या राजकीय जाहिराती अशा समित्यांकडून आधी तपासून घ्याव्या लागतात, पेड न्यूजही त्याच पाहतात. वृत्तवाहिनीच्या एकांगीपणाची तक्रार मात्र प्रक्षेपणापासून सात दिवसांत आधी त्या वाहिनीकडेच करायची, मग वाहिन्यांनीच नेमलेल्या प्राधिकरणाकडे. त्याचा दंड २०२३ पर्यंत तरी जास्तीत जास्त एक लाख रुपये होता. इतक्या दंडाने काय साधणार, असं २०२३ च्या ऑगस्टमध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने विचारलं होतं. आणि 'आमचा विषय दाखवलाच नाही' या तक्रारीला तर कुठल्याच अर्जात रकाना नाही.

म्हणून आम्ही रकाना स्वतः आखायचं ठरवलंय. वाचनालयात येणाऱ्या कॉलेजच्या मुली, तो स्ट्रिंगर विद्यार्थी आणि मी. पुढच्या मोठ्या निवडणुकीत प्रत्येकीने एक वाहिनी घ्यायची, संध्याकाळी सात ते दहा. दोनशे पानी वही, आडवी. तारीख, वेळ, कोण बोललं, कोणत्या पक्षाचं, कशावर बोललं, किती मिनिटं. कापूस, सोयाबीन, पीकविमा, वीज, पाणी, दवाखाना, नोकरभरती यांना वेगवेगळे रकाने. अपक्षांना स्वतंत्र. अमरावती आणि नागपूर विद्यापीठांत जनसंवादाचे विभाग आहेत, त्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं तर आमच्या वह्या त्यांना देऊ. वाशीम, बुलडाणा, गडचिरोलीकडच्या कोणाला करायचं असेल त्यांनीही करावं. एकच पाळा, नोंद त्याच रात्री करा, दुसऱ्या दिवशी आठवून लिहू नका. आणि एखाद्या दिवशी शेतीच्या रकान्यात काहीच आलं नाही तर ती ओळ सोडू नका, तारीख टाकून तिथे शून्य लिहा. आयोगाकडे जायचं तेव्हा ती शून्यं बेरजेला लागणार आहेत.